पाणी सोडायची वेळ

‘शेवटी बुडते की गं ती,’ बिलिंगवाली पडद्यातून डोकं आत घालून म्हणाली, ‘आणि तू म्हणे, छान आहे, बघच. रडून रडून डोळ्यांचे बटाटे झाले माझे.’

‘कोण बुडते?’

‘कोण म्हणजे? नावेवाली. तुझा सगळ्यात आवडता सिनेमा ना तो?’

आत डोळे तपासत बसलेल्या तिच्या हातात काच होती आणि समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम. काच तिनं खाचेत सरकवली आणि सवयीनं विचारलं, ‘आता बरं, की मघाशी बरं?’ गृहस्थ म्हणाले, दोन्ही सारखंच. तिनं पुन्हा तीच काच काढली, पुन्हा तीच घातली. ‘बुडत नाही ती,’ ती काचेकडे बघत म्हणाली. ‘दोरी धरून काठाला येते. नवरा कंदील घेऊन उभा असतो. मग दोघं चहा पितात.’ बिलिंगवालीनं तिच्याकडे असं पाहिलं, की आता हिचेच डोळे तपासायला हवेत. ‘चहा?’ ती म्हणाली. ‘अगं बाई, अख्ख्या सिनेमात कुणी चहा पीत नाही.’ मग पुढे गिऱ्हाईक आलं म्हणून ती गेली, आणि पडदा थोडा वेळ हलत राहिला.

चष्म्याच्या त्या दुकानात मागच्या अरुंद खोलीत बसून डोळे तपासायचे, हे तिचं काम. खोलीला खिडकी नव्हती. दिवसभर एका टोकाला उजळलेला तक्ता आणि दुसऱ्या टोकाला खुर्चीतलं माणूस, मधे अंधार. अशा जागी जन्म काढायला माणूस कंटाळलं असतं, पण तिला ते थिएटरासारखं वाटायचं, आणि थिएटरात तिला कधीच कंटाळा आला नव्हता. तक्त्यावरची शेवटची ओळ बहुतेकांना दिसत नाही. पण दिसत नाही असं म्हणणारे थोडे. बाकीचे वाचतात. ठणठणीत आवाजात, एकही अक्षर न अडखळता, सगळं चुकीचं वाचतात, आणि वर विचारतात, बरोबर ना? तिला त्यांचा राग येत नसे. उलट तीच माणसं तिला जवळची वाटत. आज त्या गृहस्थांनीही शेवटची ओळ धडाधड वाचून दाखवली आणि ती हो म्हणाली. मग भानावर येऊन तिनं नंबर पुन्हा काढला.

कुणी तिला सगळ्यात आवडते सिनेमे विचारले, की ती बोटांवर मोजायला लागायची. त्यांची खरी नावं तिला सांगावी लागत, म्हणजे आठवून सांगावी लागत, कारण घरात त्यांना वेगळी नावं होती. नावेचा. दिव्याचा. दोन बहिणींचा. घड्याळजीचा. बर्फातल्या शाळेचा. सगळे लहानपणी पाहिलेले, बाबांच्या शेजारी, दुपारच्या खेळाला. पुढे शेकड्यांनी सिनेमे पाहिले, चांगले पाहिले, मोठमोठ्यांनी वाखाणलेले पाहिले, पण या पहिल्या पंगतीत कुणाला जागा मिळाली नाही. आणि हे सिनेमे तिनं पुन्हा कधी लावलेही नाहीत. आवडता सिनेमा पुन्हा बघू नये, लोकरीचा आवडता स्वेटर पुन्हा पुन्हा धुतला की आटतो, असं ती सांगायची. शेवटाबद्दल कुणाशी बोलायचा प्रश्नच नव्हता. सिनेमावेड्यांची एक रीत असते, ज्यानं पाहिला नाही त्याला शेवट सांगायचा नाही. ती रीत तिनं इतक्या निष्ठेनं पाळली, की ज्यांनी पाहिला होता त्यांनाही कधी सांगितला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा राहतो.

कारण खरं म्हणजे यातल्या एकाही सिनेमाचा शेवट तिनं पाहिला नव्हता. बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर होते. संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडून सगळ्या वस्तीला पाणी सोडायचं ही त्यांची जबाबदारी. थिएटरातून वेळेवर निघालं नाही, तर घरोघरी बायका रिकाम्या बादल्या घेऊन नळाकडे तोंड करून बसतील, असं ते सांगत. म्हणून सिनेमा अगदी रंगात आलेला असताना त्यांचा हात तिच्या मनगटावर यायचा. ‘चल. पाणी सोडायचंय.’ तो हात खडबडीत आणि थंड असायचा, त्याला ब्लीचिंग पावडरचा वास यायचा. मग वाकून, लोकांच्या गुडघ्यांना चुकवत, पायऱ्यांच्या कडेकडेनं बाहेर. दार उघडलं की पांढरं ऊन अंगावर यायचं, काही दिसायचं नाही, आणि पाठीमागे दार मिटेपर्यंत सिनेमातली माणसं बोलतच असायची, जशी काही ती दोघं उठून गेलेलीच नव्हती. तिला तो क्षण फार आवडायचा. डोळ्यांत ऊन आणि कानात सिनेमा. पुढे चालता चालता बाबा शेवट सांगायचे. ‘तुम्हाला कसं माहीत?’ तिनं एकदा विचारलं होतं. ‘माझा पाहून झालाय,’ ते म्हणाले. त्यात शंका घ्यावी असं काही तिला वाटलं नाही. बाबांना वस्तीतल्या सगळ्या नळांची माहिती होती, सिनेमाचीही असणार.

नावेच्या सिनेमात नदी होती. काळी-पांढरी, रुंद, आणि नदीवर आडवी बांधलेली दोरी. ती दोरी ओढत एक बाई नाव ने-आण करायची. तिचा नवरा एकदा पलीकडे गेला तो आलाच नव्हता, आणि प्रत्येक उतारूला ती विचारायची, पलीकडे कुणी दिसलं का. उतारू काहीबाही सांगायचे. एक म्हणायचा, बाजारात होता. दुसरा म्हणायचा, फार खंगलाय. तिसरा नुसता तिच्याकडे बघत राहायचा. बाईचे हात तेवढे जवळून दाखवलेले, दोरीवरून सरकणारे, आणि सिनेमात गाणं नाही, नुसता दोरीचा करकर आवाज. तिला अजून झोपेत तो आवाज ऐकू यायचा आणि ऐकू आला की बरं वाटायचं. मग पूर येतो, नाव अडकते, बाई लुगडं खोचून पाण्यात उतरते. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. आणि इथे मनगटावर हात. पुढचं तिला चालतानाच दिसलेलं होतं. बाबा सांगत होते तसं नदीचं पाणी उतरत गेलं, दोरी हाताला लागली, काठावर कंदील हलला. ‘मग?’ ‘मग काय, दोघं घरी गेले. चहा प्यायले.’ बाबांच्या सगळ्या सिनेमांचा शेवट चहानं व्हायचा. दीपस्तंभावरचा दिवेवाला उतरून खाली यायचा आणि चहा प्यायचा. दोन बहिणी भांडण मिटवून चहा प्यायच्या. बर्फातल्या शाळेची सगळी मुलं सापडायची आणि मास्तर त्यांना चहा द्यायचे. इतक्या दूरदूरच्या देशांतली माणसं एकजात चहा कशी पितात, हे या बाईला आजपर्यंत खटकलं नव्हतं. आणि ही म्हणे लोकांना नजर मोजून देते.

संध्याकाळी दुकान बंद करताना तिनं कबूल केलं, की शेवट आपण पाहिलेलाच नाही, बाबांबरोबर मधेच उठून यायचो. बिलिंगवालीनं पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. ‘बघ एकदा आणि मग माझ्याशी वाद घाल. पण एक सांग, तुम्ही मधेच उठून का यायचा?’ तिनं पाण्याचं सांगितलं. ‘अगं, पण दुपारचा खेळ ना? तो सुटून संध्याकाळ व्हायला किती अवकाश असतो,’ बिलिंगवाली म्हणाली आणि शटर ओढायला वाकली. हिशेबात तिचा हात कुणी धरला नसता. पण तिला उत्तर नको होतं, ती कुलूप शोधत होती.

घरी जाताना तिनं नेहमीचा रस्ता घेतला, पण रस्ता तिला दिसत नव्हता. दिसत होतं ते ऊन. नावेच्या सिनेमाहून बाहेर पडलो तेव्हाचं ऊन डोक्यावर होतं, तापलेलं. दिव्याच्या सिनेमाच्या वेळी मात्र सावल्या लांबल्या होत्या, बाबांची सावली तर भिंतीवर चढली होती. दोन्ही खेळ एकाच वेळी सुरू झालेले. पाणी सोडायची वेळ रोज एकच, मग निघायची वेळ प्रत्येक सिनेमाला वेगळी कशी? आणि निघाल्यावर धावपळ कधीच नसायची. ते शेंगदाणे घ्यायचे. पंपहाउसच्या पायरीवर बसायचे, टाकीच्या गार सावलीत, आणि बाबा सालं फुंकत शेवट सांगायचे, सावकाश, पाहिजे तेवढा वेळ असल्यासारखं. पाहिजे तेवढा वेळ असायचाच. पुढे किती तरी वेळानं ते आत जाऊन ते मोठं चाक फिरवायचे आणि जमिनीखालून घरघर करत पाणी निघायचं. ती रस्त्यात थांबली. मागून येणारी बाई तिला धडकली आणि पुटपुटत पुढे गेली. म्हणजे बाबा घड्याळाकडे बघून उठत नव्हते. पडद्याकडे बघून उठत होते.

बाबांबरोबर हे सिनेमे पाहिले त्या दोन वर्षांत आई घरी नव्हती. छातीच्या दुखण्यासाठी तिला शहराबाहेरच्या इस्पितळात ठेवलेलं होतं, लहान मुलांना तिथे सोडत नसत. सुटीच्या दिवशी लेकीला ठेवायचं कुणाकडे, म्हणून बाबा तिला सिनेमाला न्यायचे, हे तिला ठाऊक होतं. दर आठवड्याला बाबा आईला भेटून यायचे आणि सांगायचे, आज बसली होती, आज हसली, आज चहा मागून घेतला. असं करत करत एक दिवस तिची मावशीकडे रवानगी झाली, आणि मावशीकडून परत आणलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आईची साडी धुऊन दोरीवर वाळत होती. तिनं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. तिला फक्त कळलं. त्यानंतर सिनेमे बंद झाले असं नाही, पण बाबा मधे उठेनासे झाले आणि तिलाच उठायची सवय लागली. कॉलेजात असताना मैत्रिणी हसायच्या. एकदा लग्नाचं जमत आलं होतं, माणूस साधा, सरळ, त्यानं हौसेनं सिनेमाला नेलं, आणि ऐन वेळी ही उठून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. सिनेमा संपल्यावर तो आला. ‘तुम्हाला आवडला नाही वाटतं.’ ‘खूप आवडला,’ ती म्हणाली, आणि ते खरं होतं. बिचाऱ्याला काही उमगेना. दोन-चारदा असंच झालं. पुढे त्यानंही शेवट न सांगताच यायचं बंद केलं.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, मांडीवर शाल, हातात न उघडलेलं वर्तमानपत्र. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी मोरीतल्या नळाला पाणी आलं की त्यांचा कान तिकडे. ‘आज प्रेशर कमी आहे,’ ते म्हणाले. ‘नव्या माणसाला चाक पूर्ण फिरवायचा कंटाळा दिसतोय.’ मग खोकले. हल्ली खोकला आला की संपेपर्यंत ते खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवायचे आणि ती भिंतीकडे बघायची. छातीच्या डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावून फोटो दाखवला होता, त्यावरचा पांढरा डाग दाखवला होता. ‘उपचार आहेत, पण फार त्रासाचे आहेत, आणि फार काही देतील असं नाही,’ ते म्हणाले होते. ‘घ्यायचे की नाही हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही त्यांना सांगा. सोमवारी त्यांना घेऊन या.’ बाहेर बाकावर बाबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ‘काय म्हणाले?’ ‘जुना खोकला आहे. कफ सुकलाय,’ ती म्हणाली. ‘बरं,’ बाबा म्हणाले आणि टोपी घातली. वेळ मारून नेली ती तिनं. ‘रोज वाफ घ्या म्हणाले, आणि चहा आल्याचा,’ असंही वर जोडलं, जे डॉक्टर म्हणालेच नव्हते. आता तिला ते आठवलं आणि कानशिलं तापली. चहा. ती गोष्ट रक्तातूनच आलेली होती म्हणायची.

‘बाबा, नावेचा सिनेमा आठवतो?’

‘न आठवायला काय झालं. दोरी धरून येते ती.’

‘मग?’

‘मग चहा पितात,’ बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. पापणीसुद्धा हलली नाही. तिला एकाएकी त्यांचा राग आला. इतका, की ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आई पाण्यात छातीपर्यंत उतरलेली होती आणि यांनी माझ्या मनगटाला धरून मला उन्हात आणलं. मी पाहिलं असतं. मी घाबरले असते, रडले असते, पण मी तिथे असते. आईनं दाराकडे पाहिलं असेल का, पोरगी कुठे आहे असं विचारलं असेल का, हे मला या जन्मात कळणार नाही. राग येत होता आणि त्याच वेळी पायरीवर बसून सालं फुंकणारा तो तरुण माणूस दिसत होता, बायको इस्पितळात, पोर मांडीला टेकलेली, आणि तो बुडालेल्या बायकांना एकेक करून काठावर आणतोय. त्याच्यावर रागवायचं कसं, तेही कळत नव्हतं. नळाखालचं भांडं भरून वाहत होतं. बाबांनी बाहेरून हाक मारली, ‘पाणी चाललंय फुकट.’

रविवारी दुपारी तिनं पडदे ओढले, खोलीत पुरेसा अंधार केला आणि सिनेमा लावला. बाबांची खुर्ची टीव्हीसमोर आणली, आपली शेजारी. त्यांनी शाल सारखी केली. नदी आली. ती आठवणीतल्या नदीपेक्षा अरुंद होती आणि बाई आठवणीतल्या बाईपेक्षा कितीतरी तरुण, आजच्या तिच्याहून तर पोरसवदाच. पण दोरीचा आवाज तोच. तो ऐकला आणि तिच्या आत काहीतरी सैल झालं. ती पुन्हा त्या लाकडी खुर्चीवर बसली होती, पाय जमिनीला न टेकणारे, शेजारी ब्लीचिंगचा वास. बाई उतारूंना विचारत होती आणि उतारू काहीबाही सांगत होते. आता तिला कळलं की ते सगळे खोटं बोलतायत. लहानपणी तिला ते खरंच वाटलं होतं. शेजारी बाबांचा श्वास वाजत होता, चढताना थोडा, उतरताना जास्त. तिला वाटलं, हे असंच चालू राहावं, दोरी करकरत राहावी, नाव इकडून तिकडे जावी, सोमवार उजाडू नये. पूर आला. नाव अडकली. बाई लुगडं खोचून पाण्यात उतरली, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिचा हात बाबांच्या मनगटावर गेला. मनगट म्हणजे नुसतं हाड राहिलं होतं.

‘चला बाबा,’ ती म्हणाली. ‘पुरे आता. औषधाची वेळ झाली.’

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ‘बस खाली,’ ते म्हणाले. ‘पाणी सोडायला आता दुसरा माणूस आहे.’

ती बसली. बाई दोरीपर्यंत पोचली नाही. तिचं डोकं एकदा दिसलं, पुन्हा दिसलं, आणि मग नुसतं पाणी दिसत राहिलं. कंदील नव्हता, काठावर कुणी नव्हतं. तिला वाटलं, झालं, आता पडदा काळा होईल. पण सिनेमा संपला नाही. पूर ओसरला. काठावरच्या चिखलात नाव उलटी पडलेली होती आणि लोक ती सुलटी करत होते. कुणीतरी नवी दोरी आणली, तिचं एक टोक झाडाला बांधलं. गाठ नीट बसली की नाही म्हणून एका म्हाताऱ्यानं ती ओढून पाहिली. मग एक अनोळखी माणूस नावेत चढला, दोरी धरली, आणि नाव निघाली. आत एक बाई पोर घेऊन बसली होती, एकाजवळ कोंबड्या होत्या. कुणी काही विचारत नव्हतं. नव्या दोरीचा आवाज वेगळा होता, मऊ. तो बराच वेळ येत राहिला. हे एवढं सगळं पुढे होतं, आणि तिला ते आजवर माहीत नव्हतं. ती रडत होती, पण तिला वाटलं होतं तसलं ते रडणं नव्हतं.

पडद्यावर नावं सरकायला लागली. दोघं ती वाचत असल्यासारखी बसून राहिली.

‘तुम्ही आधी बघून यायचात,’ ती म्हणाली.

‘सकाळच्या खेळाला. कुठे उठायचं ते माहीत नको?’

‘सगळे बघितलेत? शेवटपर्यंत?’

‘सगळे.’ त्यांनी शालीचं टोक चाचपलं. ‘एकट्यानं जड जायचे गं. हा तर फारच. थिएटर झाडायला माणूस आला तरी मी आपला बसलेला.’

‘आईचाही एकट्यानंच बघितलात.’

बाबांनी मान हलवली. बोलायला गेले आणि खोकला आला. त्यांनी खुर्चीचा हात धरला. या वेळी ती भिंतीकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहिली, खोकला थांबेपर्यंत, आणि त्यांच्या डोळ्यांना आलेलं पाणी तिनं पदरानं पुसलं. मोरीत कुठेतरी नळानं हवा सोडली, पाणी यायच्या आधी सोडतो तशी. दोघांनीही तो आवाज ऐकला.

‘डॉक्टर काय म्हणाले?’ बाबांनी विचारलं. आवाज साधा होता, प्रेशर विचारावं तसा.

‘थांबा, चहा टाकते आधी,’ म्हणत ती उठली.

मनगटावर त्यांचा हात आला. आता त्याला कसलाच वास नव्हता.

‘चहा मागाहून,’ बाबा म्हणाले. ‘आधी सांग.’

ती पुन्हा बसली आणि त्या पांढऱ्या डागापासून सांगायला लागली. संपेपर्यंत उठली नाही.